दादांची फेरसुनावणी

रविवार, ४ फेब्रुवारी

चि. कात्रीबाईंस काकाचे अनेक आशीर्वाद.

तू खुशाल असशीलच. मी नाही. माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि दाद मागायला तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. आमच्या चित्रपट मंडळाने जुने लाकडी बाक मोडीत काढले आणि त्यांच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. या खुर्च्या माणूस हलला की किंचाळतात. आता माणूस हलतो केव्हा? विनोदाला तो स्थिर बसून हसतो. हलतो तो दुःखात, अवघडून. परिणामी नायिकेचा बाप मरणशय्येवर पडला रे पडला की खोलीभर कुरकुर सुरू. शास्त्रकारांनी रसभंगाची एवढी कारणं सांगून ठेवली, त्यांत खुर्ची नाही. ही उणीव मी सभेत निदर्शनास आणली. अध्यक्षांनी, म्हणजे आपल्या दंतवैद्यांनी, "पंतोजी, घरून उशी आणा" असा निवाडा दिला. तीस वर्षं संस्कृत शिकवल्याचं हे फळ.

पत्रच का, फोन का नाही, असं तू विचारशील. फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि तुझे बाबा, म्हणजे आमचे दादा, त्याच्या शेजारी बसलेले असतात. तुम्हा बापलेकींचं फोनवरचं संभाषण मला पाठ आहे. "कशी आहेस?" "बरी." "हवा?" "थंड." एवढ्या अवकाशात मला जे सांगायचंय ते मावणार नाही.

मंडळाची खोली तुला आठवते ना? खाली लॉन्ड्री, वर आम्ही. रविवारची दुपार, जिन्यातून येणारी इस्त्रीची वाफ, भिंतीला पांढरा पडदा आणि त्याच्यासमोर आम्ही सिनेमाचे पंधरा-वीस जुने रोगी. यंदा दंतवैद्यांच्या डोक्यातून एक नवा उपक्रम निघाला आहे. नाव: फेरसुनावणी. तुझ्या बाबांनी त्या काळी झोडपलेला एखादा जुना चित्रपट लावायचा. आधी ग्रंथपालबाईंनी त्यांचं त्या वेळचं परीक्षण उभं राहून वाचायचं. मग चित्रपट बघायचा. मग दंतवैद्य चित्रपटाच्या बाजूने वकिली करणार, तुझे बाबा आरोपी म्हणून समोर बसणार आणि शेवटी सगळ्यांनी हात वर करून निकाल द्यायचा: परीक्षण कायम, की परीक्षण रद्द. परीक्षकाचा पुतळा कुणी उभारत नाही, म्हणून आम्ही तो जिवंतच बसवला.

मला वाटलं होतं पहिल्याच रविवारी रक्तपात होईल. दादांच्या रविवारच्या स्तंभाला निर्माते किती घाबरायचे हे तुला मी काय सांगू? "छान हा शब्द चहाला वापरावा, चित्रपटाला नव्हे," असं ते तुला बजावायचे आणि तू मुद्दाम चहाला "प्रभावी" म्हणायचीस.

पण ऐक. पहिल्या रविवारी एक खुनाची गोष्ट होती. त्यावर दादांनी लिहिलं होतं: "खुनी कोण हे पाचव्या मिनिटाला कळतं. उरलेला वेळ पोलिसांना कळण्याची वाट बघण्यात जातो." बाईंनी ते वाचलं, लोक हसले. चित्रपट सुरू झाला आणि दादा श्वास रोखून बसले. माझं मनगट धरून. शेवटी खुनी उघडा पडला तेव्हा ते मोठ्यांदा म्हणाले, "अरे! हा?" दंतवैद्य उठून नाचायचेच बाकी होते. "प्रत्यक्ष परीक्षकच दचकलेत! आणखी पुरावा काय हवा?" परीक्षण रद्द.

पुढच्या रविवारी तो लांबलचक कौटुंबिक चित्रपट. "हा चित्रपट संपतो, हीच त्याची जमेची बाजू," असं जुनं मत. या खेपेला दिवे लागले तरी दादा पडद्याकडेच बघत होते. म्हणाले, "संपला? आत्ता तर बसलो." टाळ्या. रद्द. त्याच चित्रपटात त्यांनी मधे तीनदा "हा कोण?" असं नायकाबद्दल विचारलं. दंतवैद्यांनी त्याचंही भाष्य केलं: नायकाला स्वतःची ओळखच नाही, हा मुद्दा त्या काळी एकाही समीक्षकाने मांडला नव्हता म्हणे.

मीही एक सिद्धान्त मांडला, संस्कृतात मांडला म्हणजे खराच असणार. तारुण्यात परीक्षकाला वीर आणि रौद्र झेपतात, उतारवयात शांत. फळ पिकलं की तुरटपणा जातो. मंडळाने मान डोलावली.

आता मुद्द्याचं. गेल्या रविवारी तुझा चित्रपट लावला.

रागावू नकोस. मी नको म्हटलं होतं. (मोठ्याने म्हटलं नव्हतं, पण म्हटलं होतं.) बाईंनी परीक्षण वाचलं. त्यातलं ते वाक्य मी तुला पुन्हा सांगणार नाही, तुला ते माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. त्या एका वाक्यानंतर तू दुसरा चित्रपट केला नाहीस, दुसऱ्या शहरात जाऊन लोकांच्या साबणाच्या जाहिराती संकलनाच्या टेबलावर कापत बसलीस. बाईंचा आवाजसुद्धा तिथे खाली गेला.

चित्रपट सुरू झाला. ती जिन्यातली जागा आली, तुझी आई बादली घेऊन बंद दारासमोर उभी राहते ती. ऐन वेळी ठरलेली नटी आली नाही म्हणून तू आईलाच उभं केलं होतंस, राखाडी स्वेटरसकट. ती दारापाशी थांबते, वळून एकदा बघते. आणि कात्री, तुझे बाबा उठून उभे राहिले. भर अंधारात म्हणाले, "अहो, दार उघडा! ती केव्हाची उभी आहे."

कुणाची खुर्ची वाजली नाही. संपल्यावर ते पडद्याजवळ गेले, पडद्याला हात लावला. दंतवैद्यांनी वकिली केलीच नाही, नुसतं विचारलं, "दादा, मत?" दादा म्हणाले, "छान. फार छान." मग आणखी काही बोलले, ते पत्रात घालण्याजोगं नाही. सगळ्यांचे हात वर गेले. माझाही.

तेव्हा बाईसाहेब, आपल्या एकुलत्या एक चित्रपटावरचं परीक्षण रद्द झालं आहे. हे तुला कळवायला हवं, असं सगळ्यांचं मत पडलं. कळवलं.

उशीच्या शोधात असलेला,
तुझा काका


शनिवार, २ मार्च

चि. कात्रीबाईंस आशीर्वाद.

तुझं सहा पानी उत्तर पोचलं. गेल्या दहा वर्षांत तू मला लिहिलेली सगळी पत्रं एकत्र केली तरी सहा पानं भरणार नाहीत, त्यामुळे आधी मला वाटलं पत्ता चुकला. पहिल्या पानावर शाई पसरली आहे. तिकडे पाऊस असेल, असं मी मानून चालतो.

तू लिहितेस की ते वाक्य मी गाळलं तरी तुला झोपेतही म्हणता येतं: "दिग्दर्शिकेला दुःखाची मांडणी येते, दुःखी माणूस मात्र तिला अजून भेटायचा आहे." आणि आता रोज सकाळी ऑफिसच्या जिन्यात तू त्याच्या जागी "दार उघडा, ती केव्हाची उभी आहे" असं मनात म्हणतेस. बरं वाटलं. म्हणजे, वाचून बरंच काही वाटलं.

दुसऱ्या चित्रपटाची संहिता तू एवढी वर्षं कपाटात ठेवली होतीस, हे मला ठाऊक नव्हतं. महिनाअखेर नोकरीचा राजीनामा देणार म्हणतेस. अगं, जाहिराती काय वाईट आहेत? तीस सेकंदांत साबणाने माणसाचं आयुष्य उजळतं, इतकी आशावादी कला दुसरी नाही. घाई नको एवढंच म्हणतो. चित्रपट कुठे पळून जात नाही. जुने चित्रपट तर मुळीच जात नाहीत, दर रविवारी आमच्या मानेवर बसलेले असतात.

बाबांनी आपलं मत स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावं, अशी तुझी इच्छा. त्यांचा हात हल्ली थोडा थरथरतो. बघतो.

तब्येत विचारलीस. उत्तम आहे. भूक तर अशी की एखाद्या दिवशी जेवून उठतात आणि थोड्या वेळाने पुन्हा पाट मांडून जेवायला तयार. फोनवर त्यांनी तुला हवा कशी आहे हे एका दमात तीनदा विचारलं म्हणून तू हसलीस ना? हवेत त्यांना अलीकडे रस वाटू लागला आहे.

मंडळात त्यांचा भाव वधारला आहे. परवा चित्रपटाआधी "आग लागल्यास या दाराने बाहेर पडावे" ही पाटी पडद्यावर आली, तीही त्यांना आवडली. "छान," म्हणाले. लोक हसले, त्यांना वाटलं दादा फिरकी घेतायत. दंतवैद्य मंडळाच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहीत आहेत: "उत्तरायुष्यातील समीक्षा: खंडनाकडून स्वीकाराकडे". मला संस्कृत वचनं मागितली आहेत. मी दोन दिली. दंतवैद्याला वचन देताना आपलं तोंड उघडं नसतं, हा दुर्मिळ योग.

फक्त ग्रंथपालबाई जिन्यात थांबवून म्हणाल्या, "सर, दादांना कुणाला दाखवलंत का?"

"कशासाठी?" मी म्हटलं. "दात तर मंडळातच बघितले जातात."

त्या हसल्या नाहीत. त्यांना विनोदाचं अंग जरा कमीच, पुस्तकांत राहून तसं होतं.

बाबांच्या अक्षराचं बघतो. राजीनाम्याचं मात्र माझं पुढचं पत्र येईपर्यंत थांबव. हे काका म्हणून सांगतो आहे. हुकूम समज.

तुझा हुकूमशहा,
काका


रविवार, १७ मार्च

चि. कात्रीस,

आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला, की राजीनामा लिहून तयार आहे आणि तू माझ्या पत्रासाठीच थांबली आहेस. थांबलीस हे बरं केलंस. हे पत्र तीनदा लिहायला घेतलं. तिन्ही वेळा पहिलं पान विनोदाचं झालं. या वेळी विनोद आला तरी त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस, मला सवय आहे इतकंच.

तुझ्या चित्रपटाच्या दिवशी काय झालं ते मी तुला लिहिलं होतं. लिहिलं ते खोटं नव्हतं. उरलेलं आज लिहितो.

"छान, फार छान" म्हटल्यावर दादांनी विचारलं, "कुणी केलाय?"

खोलीत सगळे हसले. दंतवैद्य म्हणाले, "बघा, अजून कसे निष्पक्ष! नात्याची ओळखसुद्धा दाखवत नाहीत." मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "दादा, आपल्या कात्रीने." ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कात्री शाळेतून आली का? तिला इतका वेळ बाहेर ठेवू नका."

पडद्याला त्यांनी हात लावला, हेही खरं. लोकांना वाटलं, नमस्कार. ते पडद्याची कडा शोधत होते. कडा सापडल्यावर त्यांनी पडदा बाजूला केला आणि मागे बघितलं. मागे भिंत आहे, भिंतीला एक खिळा आहे आणि खिळ्याला लॉन्ड्रीवाल्याची छत्री. ते भिंतीकडे बघत उभे राहिले. मी त्यांना धरून आणलं. घरी आल्यावर त्यांनी टेबलावर तीन ताटं मांडली. माझं, त्यांचं आणि गेलेल्या वहिनीचं. दार लावू दिलं नाही. "ती बादली घेऊन वर येतेय," म्हणाले. मी "बरं" म्हटलं आणि दार उघडं ठेवून जेवलो.

म्हणजे त्यांनी तुझ्या चित्रपटाचं कौतुक केलं नाही, कात्री. त्यांनी चित्रपट पाहिलाच नाही. त्यांना त्यात वहिनी दिसली आणि दाराबाहेर उभी दिसली. हे मला त्याच दुपारी कळलं होतं, आणि कळूनही मी तुला तसं पत्र लिहिलं.

का लिहिलं, हे विचारायचा तुला हक्क आहे. त्या खोलीत वीस माणसं होती आणि वीसही जणांना वाटत होतं की दादा मऊ झालेत. जुने चित्रपट पुन्हा बघायला बसणाऱ्यांना हेच तर हवं असतं, की आपलं आवडतं माणूस शेवटी आपल्या आवडीला येऊन मिळावं. त्या वीस जणांत राहणं मला सुखाचं होतं. एकटाच मी बाहेर पडलो असतो तर घरी येऊन मला काहीतरी करावं लागलं असतं. तुलाही आत घेतलं की आपण एकवीस झालो, असा हिशेब. मोठा सिद्धान्तकार मी. शांतरस म्हणे.

बाईंनी जिन्यात विचारलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी दादांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही काय काम करायचात?"

दादा म्हणाले, "सिनेमाला जायचो."

"रोज?"

"हो ना. काय करणार? पोटासाठी."

त्या हसल्या, तेही हसले. मला वाटलं, आता घरी जाऊ, माणूस तर ठणठणीत आहे. मग त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. दादांनी गोल काढला, छान काढला, आणि सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने लिहिले. दुसरी बाजू मोकळी. कागद बाईंकडे सरकवून वाट बघत बसले, लेख संपादकाकडे दिल्यासारखे.

स्मृतिभ्रंश. हा शब्द मी वर्गात फळ्यावर कितीदा लिहिला असेल. मुलांना विचारायचं, सांगा, विग्रह करा. स्मृतीचा भ्रंश. सोपा आहे, सगळ्यांना यायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे दीड-दोन वर्षं तरी चालू असणार, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? घरात मीच आहे.

दंतवैद्यांना जाऊन सांगितलं. ते रोग्याच्या खुर्चीवर बसले, स्वतःच. मग म्हणाले, "म्हणजे, पंतोजी, सगळेच निकाल रद्द?"

मी म्हटलं, "असंच दिसतंय."

"तो खुनाचा चित्रपटसुद्धा?"

"खुनी कोण ते त्यांना पाचव्या मिनिटाला कळलं असेल, पण सहाव्याला विसरले असतील."

ते हसले आणि त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. तोंडावरचा मास्क त्यांनी डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. लेख त्यांनी मागे घेतला आहे. फेरसुनावणी बंद आहे. आता मंडळात नुसते चित्रपट लावतात, आणि संपल्यावर कुणालाच काय बोलायचं ते कळत नाही.

आता तुझं. वाईटातलं वाईट आधी लिहितो: जुनं परीक्षण कायम आहे. ते दादांनी पूर्ण शुद्धीत लिहिलं होतं. ते छापून येताच तू घर सोडून गेलीस, त्यामुळे त्याआधी स्वयंपाकघरात काय झालं ते तुला माहीत नाही. वहिनी त्यांना म्हणाली होती, "मुलीच्या चित्रपटावर तुम्ही लिहू नका. दुसऱ्या कुणाला लिहू दे." दादा म्हणाले, "दुसरा मला घाबरून खोटं लिहील." तीन दिवस वहिनी त्यांच्याशी बोलली नाही. त्यांनी तरी एक शब्द बदलला नाही. चांगलं केलं की वाईट, मला आजही ठरवता येत नाही. पण तुझ्या चित्रपटावर त्यांनी जे खरं मत दिलं ते हेच, आणि आता दुसरं यायचं नाही.

माझं मत तू विचारलं नाहीस. कुणीच विचारत नाही, तरी देतो. काका म्हणून नको समजूस, समोर वीस खुर्च्यांपैकी एकीत बसलेला माणूस म्हणून समज. दादांचं ते वाक्य पाऊण चित्रपटाला लागू आहे. तुझी नायिका सुंदर रडते, खिडकीतून येणारा उजेड तिच्या गालावर नेमका पडतो आणि मला तो उजेडच दिसत राहतो. पण जिन्यातली ती जागा तशी नाही. तिथे तू मांडायला विसरलीस. ठरलेली नटी आली नाही, उजेड जात होता, घाई होती, आई समोर होती. ती बादली खाली ठेवत नाही, तिला वाटतं दार आता उघडेल. तेवढा वेळ तुला दुःखी माणूस भेटला होता, आणि दादांच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही. का आलं नाही, कुणास ठाऊक. रोज समोर असलेल्या बाईला पडद्यावर कोण बघतो? मोठ्या परीक्षकाची चूक झाली, असं मी तरी हात वर करून म्हणेन. एक मत.

एका मतावर नोकरी सोडू नये. दादांच्या त्या "छान"वर तर मुळीच नको. संहिता तुला अजून तुझी वाटत असेल तर सोड, साबणाचा कंटाळा आला असेल तरी सोड. पण ते वाक्य पुसलं गेलं म्हणून नको, कारण ते पुसलेलं नाही. एवढं सांगायला मला दीड महिना लागला. मधल्या काळात तू रोज जिन्यात ते दुसरं वाक्य म्हणत होतीस आणि मी इकडे ते जाणून होतो. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तर वहिनीसारखं तीन दिवसच टाकू नकोस, हवे तेवढे दिवस टाक.

इथवर लिहून मी पत्र संपवणार होतो. खाली सही करून घडीसुद्धा घातली होती. पुन्हा उघडलं आहे.

दादांनी मला पंतोजी हे नाव ठेवलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमचे वडील गेले, त्यानंतर मला शाळेत घालणारे, माझ्या पायाला लागलं तर फुंकर मारणारे, पहिला चित्रपट खांद्यावर बसवून दाखवणारे दादाच. या महिन्यात ते मला "अहो" म्हणू लागले आहेत. "अहो, जरा ऐकता का?" "अहो साहेब, तुमचं घर कुठे?" रागाने बोलले असते तर चाललं असतं. फार सभ्यपणे बोलतात.

काल सकाळी त्यांनी कपडे ओले केले. हल्ली होतं. मी त्यांना मोरीत नेलं, शर्ट काढायला लागलो. त्यांना वाटलं मी त्यांचं घड्याळ काढून घेतोय. ते ओरडायला लागले, "चोर! चोर!" शेजारच्या बाईंनी दार वाजवलं. मला शाळेला उशीर होत होता. पहिल्या तासाला परीक्षा होती. मी म्हटलं, "दादा, मी आहे." त्यांनी माझ्या दंडाला चावा घेतला. खोल नाही, पण घेतला.

मी हात उगारला.

मारला नाही. पण तो वर गेला होता, पुरता वर, आणि दादांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ओल्या कपड्यात, कोपऱ्यात, मान खाली घालून. पूर्वी कुणी त्यांना मारलं असेल आणि त्यांना ते आठवत असेल तसे. त्यांना कुणीच कधी मारलं नव्हतं. मग मी त्यांना अंघोळ घातली, कोरडे कपडे घातले, आणि ते म्हणाले, "आभारी आहे हं." शाळेत जाऊन मी परीक्षा घेतली. कुणाला काही कळलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणतात हे वाढत जाईल. शाळा सोडून घरी बसण्याइतकी माझी नोकरीची वर्षं संपलेली नाहीत, आणि बसलो तरी दिवसभर त्या खोलीत आम्ही दोघंच असणार. तू ये असं लिहायचं मनात नव्हतं. तुला तिथे कामं आहेत आणि इथे तुला ओळखणारं कुणी मिळेल याची खात्री मी देऊ शकत नाही. तरी ये. जमेल तेव्हा नको, लवकर ये.

हात खाली आणायला मला वेळ लागला, कात्री. मला माझी भीती वाटते.

काका